मनावरचा घाव लिहून काढताना

वही, पेन आणि कुणी डोकावणार नाही अशी वीस मिनिटं. घटना घडून महिना-दोन महिनेही झाले नसतील तर लिहायची घाई नको, तोवर वाचा. तेही आपल्याच दुःखावरचं पुस्तक लगेच नको. लोक नेमकं तेच आणून देतात, ते सरळ बाजूला ठेवा. वाचताना धडधडलं, तर पुस्तक मिटा. ‘हे तर माझंच’ वाटलेलं वाक्य उतरवून ठेवा, पुढे लिहायला तिथूनच सुरुवात करता येते.

लिहायचं सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अमेरिकी संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी असंच लिहिलं होतं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी राहिल्या. लिहून उठल्यावर मात्र त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. तेव्हा ‘लिही, मोकळं वाटेल’ या सल्ल्यावर पहिल्या दिवशी विसंबू नका.

खरी अडचण तिसऱ्या दिवशी येते. मी तिथे कित्येक महिने अडकले होते. रात्री दोन-दोन तास तोच प्रसंग, त्याच शब्दांत लिहायचे आणि पहाटेपर्यंत जागी राहायचे. ते लिहिणं नव्हतं, खपली काढणं होतं. कालचं वाक्य आज जसंच्या तसं उतरलं, की तिथेच थांबा. पुढचं वाक्य ‘कारण’ किंवा ‘आता कळतं की’ या शब्दांनी सुरू करा. तेही जमेना, तर ‘मी’ऐवजी ‘ती’ किंवा ‘तो’ लिहा. ‘ती दाराशी उभी राहिली, कारण तिला पळता येत नव्हतं’, हे लिहिलं तेव्हा वर्षानुवर्षं स्वतःला दिलेला दोष मला पहिल्यांदा चुकीचा वाटला.

क्षमेचं पत्र लिहा, चांगलं काय मिळालं त्याची यादी करा, असलं कुणी सुचवलं तर ऐकू नका. झोपण्यापूर्वी तर मुळीच लिहू नका. गजर लावा. तो वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठा, गार पाण्याने तोंड धुवा, चार पावलं चाला.

एखादी आठवण पेलवेनाशी वाटली, तर ती सोडून दुसरं लिहा. लिहिताना आपण कुठे बसलोय याचंच भान सुटत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वही बंद करून त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

चौथ्या दिवसानंतर वही कपाटात ठेवा. ती फाडायची की जपायची, हे महिन्याभराने ठरवा.