गलतीकरांस पत्र आणि प्रेषितांची कृत्ये शेजारी ठेवून कशी वाचावीत

पहिल्या शतकातील ख्रिस्ती चळवळीत शब्द कोणाचा चालत होता, हे शोधताना पदांच्या नावांपासून सुरुवात करू नये; स्वतःला प्रेषित म्हणवून घेणारे बरेच होते आणि ते नाव कोणाला शोभते, हाच तर वाद होता. कोणाला कोणाच्या भेटीस जावे लागले, कोणाची माणसे आल्यावर इतरांचे वागणे बदलले आणि पैसा कोणाकडून कोणाकडे गेला, एवढ्या तीन गोष्टींवर नजर ठेवावी.

छापील नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ हा आरंभीच्या मंडळीचा वृत्तांत आधी येतो आणि पौल या प्रचारकाची पत्रे नंतर. अभ्यासासाठी हा क्रम उलटा करावा. गलतीकरांस पत्र, म्हणजे पौलाने गलतिया प्रांतातील मंडळ्यांना लिहिलेले पत्र, इ.स. 50 च्या मागेपुढे, परराष्ट्रीय म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी यहूदी नियमशास्त्र (मोशेचा धर्मनियम) पाळावे की नाही, हा वाद पेटलेला असतानाच लिहिले गेले. ‘कृत्ये’ मात्र बहुतेक अभ्यासकांच्या मते 80 ते 90 च्या सुमाराची, म्हणजे त्या पिढीतील मुख्य माणसे गेल्यानंतरची आहेत. अर्थात पत्र आधीचे म्हणून ते निःपक्षपाती ठरत नाही. पौल येथे वादी आहे, आणि प्रतिवादीची कैफियत आपल्या हाती आलेलीच नाही.

पत्राचे पहिले दोन अध्याय हातात पेन्सिल घेऊन सावकाश वाचावेत. ख्रिस्ताच्या साक्षात्कारानंतर आपण लगेच यरुशलेमास गेलो नाही, तीन वर्षांनी गेलो, केफाजवळ म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ 15 दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब सोडून दुसरा कोणी प्रेषित पाहिला नाही, असे पौल सांगतो आणि लागलीच देवाला साक्षी ठेवून आपण खोटे बोलत नसल्याचे बजावतो (1:20). प्रवासाच्या साध्या तपशिलासाठी शपथ कशाला? पौल यरुशलेमच्या मंडळींकडून शिकला, तेव्हा त्याने त्यांचेच ऐकावे, असे गलतियात कोणीतरी सांगत असावे, असा तर्क येथे करता येतो. मात्र पौलाने नाकारलेली प्रत्येक गोष्ट विरोधक म्हणतच होते, असे धरून चालू नये.

दुसऱ्या अध्यायातील यरुशलेमच्या भेटीशेजारी ‘कृत्ये’ 15 उघडावे. बहुतेक अभ्यासक दोन्हीकडे एकच बैठक मानतात. काहींना ते मान्य नाही. पौलाच्या सांगण्यानुसार ही भेट खासगीत झाली, याकोब, केफा आणि योहान या ‘आधारस्तंभ’ मानल्या जाणाऱ्यांनी हात मिळवले आणि गरिबांची आठवण ठेवण्यापलीकडे काही मागितले नाही. ‘कृत्ये’ मात्र भरसभा रंगवतात. तेथे पेत्र बोलतो, याकोब निर्णय देतो आणि मूर्तींना अर्पिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी व जारकर्म परराष्ट्रीयांना वर्ज्य करणारे पत्र सिरियातील अंत्युखिया शहरास जाते. पौल या पत्राचा उल्लेखही करत नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे: याकोबाचे वजन. पौल तिघांत त्याचे नाव पहिले घेतो.

खरी कसोटी अंत्युखियातील पंगतीत लागली (2:11–14). केफा परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसे आली तसा तो बाजूला झाला, इतर यहूदी त्याच्यामागे गेले आणि पौलाचा जुना सहकारी बर्णबासुद्धा वाहवत गेला. पौलाने सर्वांसमक्ष केफाला सुनावले, पण केफाने काय उत्तर दिले, हे तो सांगत नाही. जिंकला असता, तर या पत्रात ते लिहिल्यावाचून तो राहिला नसता, असे मला वाटते. ‘कृत्ये’ हा प्रसंग गाळतात आणि पौल-बर्णबा यांच्या फाटाफुटीचे कारण मार्क या सहकाऱ्याला बरोबर न्यावे की नाही, हे देतात (15:36–40). पुढच्या काळातही हा प्रसंग पचवणे जड गेले: पौल आणि केफा यांनी वादाचे केवळ सोंग केले, असे धर्माचार्य जेरोमने सुचवले आणि त्याच काळातील धर्माचार्य ऑगस्टीनने त्याला पत्रांतून कडक हरकत घेतली.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दोन पत्रांकडे त्यानंतर वळावे. पहिल्या पत्रात पौल, अपुल्लो (दुसरा एक प्रचारक) आणि केफा यांच्या नावाने तट पडलेले दिसतात (1:12), तर दुसऱ्यात शिफारसपत्रे घेऊन येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांवर पौल उपरोधाने तुटून पडतो.

शेवटी पैशाचा माग काढावा. परराष्ट्रीय मंडळ्यांकडून यरुशलेमसाठी वर्गणी जमवण्यात पौलाने मोठी खटपट केली. तरी ती तेथे मान्य होईल की नाही, याची धास्ती तो रोमकरांस पत्रात बोलून दाखवतो (15:31). आता ‘कृत्ये’ 21 वाचावे. पौल याकोबाला भेटतो, पण वर्गणी स्वीकारल्याचा शब्दही तेथे नाही. नियमशास्त्राचे कडवे अभिमानी असलेले हजारो यहूदी विश्वासणारे तुझ्याविषयी साशंक आहेत, असे त्याला सांगितले जाते आणि नवस केलेल्या चार माणसांचा खर्च त्याने स्वतः उचलावा, असे सुचवले जाते. तो मुकाट्याने तसे करतो.