एज टू चे जुने मॅप डेफिनिटिव्ह एडिशनमधे नेताना या चुका टाळा

एज ऑफ एम्पायर्स टू च्या काँकरर्सवर, म्हणजे जुन्या गेमच्या एक्सपान्शनवर, मी घोडखिंडीचा मॅप बनवला होता, खिंडीत बाजीप्रभू आणि मूठभर मावळे, टायमर संपेपर्यंत खिंड लढवायची आणि मग विशाळगडावरून तोफा. डेफिनिटिव्ह एडिशनमधे, म्हणजे त्याच गेमच्या नव्या आवृत्तीत (डीई), तो उघडला तेव्हा वाटलं झालं काम, पण मॅप उघडणं वेगळं आणि मॅप चालणं वेगळं, हे खेळायला बसल्यावर कळलं.

सगळ्यात आधी फोल्डर. युझरच्या फोल्डरमधे गेम्स, त्यात एज ऑफ एम्पायर्स टू डीई, त्यात एक लांबलचक आकड्याचं फोल्डर असतं आणि शेजारी नुसतं 0 नावाचं. बरेच जण फाइल त्या 0 मधे टाकतात आणि मग मॅप दिसतच नाही म्हणतात. लांब आकड्याच्या फोल्डरमधे रिसोर्सेस, कॉमन, सिनॅरिओ असं जा. आणि 1997 च्या पहिल्या एजच्या मॅपच्या फाइलही एज टू च्या मूळ गेमसारख्या .एससीएन च असतात, त्या इथे टाकू नका, तो गेमच वेगळा.

मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा, प्लीज. नव्या एडिटरमधे, म्हणजे गेममधल्या मॅप बनवायच्या साधनात, सेव्ह केलेली फाइल जुन्या गेममधे परत उघडत नाही.

आता टायमर, इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. मॅपमधे अमुक झालं की तमुक कर अशी जी सूचना देतो ती ट्रिगर. ट्रिगरचे सेकंद हे गेमचे सेकंद असतात, घड्याळाचे नाही, आणि जुन्या गेमचा नॉर्मल स्पीड 1.5 (घड्याळाच्या एका सेकंदात गेमचे दीड) होता तर डीईचा नॉर्मल 1.7 आहे. म्हणजे 300 सेकंदांचा टायमर आधी खरे 200 सेकंद चालायचा तो आता साधारण 176 सेकंदांतच संपतो, खेळणाऱ्याला विचार करायला तेवढा वेळ कमी मिळतो आणि लढाई उगाच घाईची वाटते. जुनी मजा हवी असेल तर स्पीड कॅज्युअल ठेवा, तो 1.5 च आहे, आणि हे मॅपच्या सूचनांमधे लिहून टाका म्हणजे दुसऱ्यालाही कळेल.

ट्रिगरचा क्रम बदलताना पण जपून. एडिटरमधे लेगसी एक्झिक्युशन ऑर्डर असा ऑप्शन आहे, तो चालू असेल तर ट्रिगर बनवलेल्या क्रमाने चालतात, नाहीतर यादीत दिसतात त्या क्रमाने. जुन्या मॅपसाठी हा आधी तपासा, मगच यादी आवरायला घ्या.

एचडीवर, म्हणजे डीईच्या आधीच्या आवृत्तीवर, इंडियन्स ही संस्कृती घेऊन मॅप बनवला असेल तर 2022 पासून ते हिंदुस्तानी झालेत, टेक ट्री (त्यांना मिळणाऱ्या युनिट-अपग्रेडची यादी) पण बदललाय, तेव्हा युनिट आणि अपग्रेड एकदा बघून घ्या.

राहिला आवाज. जुन्या गेममधे एमपी3 मॅपच्या फाइलमधे नसायची, साउंडच्या आतल्या सिनॅरिओ फोल्डरमधे वेगळी असायची, त्यामुळे नुसता मॅप कॉपी केला की आवाज मागेच राहतो. माझंही तेच झालं, टायमर संपला, विजयाचा मेसेज आला आणि गडावरच्या तोफा वाजल्याच नाहीत. फार वाईट वाटलं, कारण अख्खा मॅप त्या एका क्षणासाठी बनवला होता. जुना काँप्युटर फॉरमॅट करण्याआधी ते फोल्डर नक्की उचलून ठेवा.