आधी विचारा, खडक कुठे फुटला?

भूशास्त्र, खाणकाम, सिव्हिल किंवा मेकॅनिकल, कुठूनही शिकून तेलविहिरींसाठी खडकातला ताण काढायच्या या कामात आलात तरी पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी विचारतं, "तीन किलोमीटरवर स्ट्रेस किती?" पाठ्यपुस्तकात त्याला प्रतिबल म्हणतात, मी इथे ताण म्हणते. सॉफ्टवेअर हाताशी असतं, त्यामुळे एका क्लिकवर आकडा निघतो. मीही तसाच काढला होता, आणि तो चुकला होता.

खोलवरच्या खडकावर तीन दिशांनी ताण असतो. एक उभा, वरच्या थरांच्या वजनाचा. उरलेले दोन आडवे, त्यांतला एक मोठा, एक लहान. उभा त्यातल्या त्यात सोपा. डेन्सिटी लॉग, म्हणजे विहिरीत उपकरण उतरवून केलेली खडकाच्या घनतेची नोंद, घ्यायचा आणि वरपासून वजनाची बेरीज करत खाली यायचं. सरासरी घनता 2.3 (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) धरली तर 3000 मीटरवर साधारण 68 मेगापास्कल येतात. मात्र विहिरीची भिंत जिथे ढासळलेली असते तिथे हे उपकरण खडकाऐवजी मडची, म्हणजे खोदताना विहिरीत भरलेल्या चिखलासारख्या द्रवाची, घनता वाचतं. म्हणून कॅलिपर, म्हणजे विहिरीची रुंदी मोजणारी नोंद, शेजारी लावल्याशिवाय डेन्सिटीवर विश्वास ठेवू नका. खोली रिगच्या टेबलापासून मोजली आहे की समुद्रसपाटीपासून, हेही आधीच विचारून घ्या.

माझी चूक झाली ती लहान आडव्या ताणात. सॉनिक लॉगवरून, म्हणजे खडकातल्या ध्वनीच्या वेगाच्या नोंदीवरून, पॉयसन गुणोत्तर (दाबल्यावर खडक बाजूला किती फुगतो ते) 0.25 आलं, रंध्रांतल्या द्रवाचा दाब 30 मेगापास्कल होता. सूत्रात घातलं: 68 मधून 30 वजा, उरलेल्या 38 चा एक तृतीयांश, त्यात पुन्हा 30. उत्तर जेमतेम 43. मडच्या भाषेत, तेवढा दाब देणाऱ्या मडची घनता 1.45 च्या आसपास भरते, म्हणजे त्याहून जड मड वापरला तर खडक फुटेल असा माझा निष्कर्ष. मी तो अहवालात लिहिलाही. वरिष्ठांनी वाचला आणि एवढंच विचारलं, "शेजारच्या विहिरीत खडक कितीवर फुटला?" मी पाहिलंच नव्हतं. तिथे त्याच खोलीवर तडा मिटण्याचा दाब 51 निघाला होता, म्हणजे घनता 1.73. माझ्या आकड्यावर विहीर आखली असती तर विनाकारण एक केसिंग, म्हणजे भिंतीला आधार देणारी पोलादी नळी, जास्त बसवावं लागलं असतं.

सूत्रात खोट नव्हती, त्यामागचं गृहीतक तिथे लागू नव्हतं. खडक बाजूला जराही सरकला नाही, भूकवचाने त्याला आडवं कधी दाबलं नाही आणि लाखो वर्षं तो निव्वळ लवचीक राहिला, असं ते सूत्र धरून चालतं. प्रत्यक्षात असं क्वचितच घडतं. आकडा काढायला ते वापरा, पण मोजमापाशी जुळवल्याशिवाय पुढे पाठवू नका.

हे मोजमाप मिळतं लीक-ऑफ टेस्टमधून, म्हणून तिचा आलेख एकदा सावकाश वाचायला शिका. केसिंग शूच्या, म्हणजे त्या नळीच्या तळटोकाच्या, खाली तीन ते सहा मीटर ताजा खडक खोदतात, विहीर बंद करतात आणि मड अगदी हळू, मिनिटाला पाव ते अर्धा बॅरल, आत ढकलतात. दाबाची रेषा सरळ चढते. मग एका ठिकाणी ती किंचित वाकते. तिथे मड खडकात शिरायला लागलेला असतो. या वाकण्यालाच अनेकजण ताण समजतात. पंप बंद केल्यावर दाब झटकन खाली येतो, मग हळूहळू उतरतो, आणि त्या उतारात तडा मिटतो तो दाब खरा लहान ताणाच्या जवळ असतो. बऱ्याचदा रेषा वाकण्याआधीच पंप थांबवलेला असतो. त्या टेस्टवरून खडक इतका दाब सोसतो एवढंच कळतं, ताण कळत नाही. त्यामुळे तक्त्यातला एकच आकडा घेऊ नका, मूळ आलेख मागा.

मोठा आडवा ताण थेट मोजायची सोय तेलविहिरीत जवळजवळ नाहीच. त्याची दिशा मात्र विहीर स्वतः दाखवते, आणि मला या कामातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. उभ्या विहिरीची भिंत लहान ताणाच्या दिशेला, समोरासमोरच्या दोन बाजूंनी ढलपे सोडते. हेच ब्रेकआउट. गोल भोकाभोवती ताण कसा एकवटतो हे अभियंता कर्शने 1898 मध्ये मांडलं होतं. बेल आणि गफ या संशोधकांनी 1979 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टातल्या तेलविहिरींवरून ही दिशा वाचून दाखवली. इमेज लॉगवर, म्हणजे विहिरीच्या भिंतीच्या चित्रावर, ब्रेकआउटचे ते दोन काळे पट्टे पहिल्यांदा ओळखता आले, त्या दिवशी मी घरी उशिरा गेले. मोठ्या ताणासाठी मात्र एक आकडा न देता पल्लाच द्या: खडकातल्या जुन्या भेगा घसरण्याआधी जास्तीत जास्त किती ताण पेलतील ही वरची मर्यादा, आणि ब्रेकआउटची रुंदी त्या पल्ल्याला अरुंद करते.

आणि जुन्या क्षेत्रात टेस्टची तारीख बघा. उत्पादनामुळे रंध्रांतला दाब 10 मेगापास्कलने उतरला, तर त्या थरातला लहान ताणही बऱ्याचदा 6 ते 7 ने खाली येतो. वरचा शेल, म्हणजे चिकणमातीचा खडक, मात्र जवळपास पहिल्याच ताणात असतो, आणि तो ढासळू नये म्हणून लागणारा मड खालच्या, दाब उतरलेल्या वाळूच्या थराला फोडू शकतो.