शंखातला खेकडा घरी आणलाय? या चुका टाळा

हिवाळ्यात सहलींचे दिवस सुरू झाले की विदर्भातल्या गावागावांतून कोकणाकडे गाड्या निघतात. गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली करून माणसं परततात तेव्हा पिशवीत शंख-शिंपले असतातच. मग गावी पोचल्यावर पिशवीतून कुजका वास यायला लागतो, नाहीतर रात्री ओट्यावर ठेवलेला एखादा शंख आपोआप सरकतो. सकाळी पोरं तो घेऊन शाळेत हजर. "सर, हा शंख चालून राहिला!"

चालणारा तो शंख नसतो, आतला हर्मिट क्रॅब असतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आलेल्या या जिवाचे पुढचे काही आठवडे फार हाल होतात, आणि ते बहुतेक टाळता येण्यासारखे असतात.

शंख रिकामा समजून उचलणं

हा खेकडा स्वतःचा शंख तयार करत नाही. मेलेल्या समुद्री गोगलगाईचा शंख शोधून त्यात राहतो. याचं पोट इतर खेकड्यांसारखं टणक नसतं. ते मऊ असतं आणि शंखाच्या वळणाला बसेल असं एका बाजूला वळलेलं असतं. पायांच्या पाच जोड्यांपैकी पुढच्या दोन नांग्या, मधले चार पाय चालायला, आणि मागचे चार चिमुकले पाय आत राहून शंख धरून ठेवायला. धोका जाणवला की तो पूर्ण आत ओढला जातो. जमिनीवर राहणाऱ्या जातींमध्ये डावी नांगी मोठी असते, तीच दारासारखी तोंडाशी बसते. वरून पाहणाऱ्याला शंख रिकामाच वाटतो.

म्हणून किनाऱ्यावर शंख उचललात तर तो सावलीत ठेवून काही मिनिटं अजिबात हालचाल न करता बघा. मिशा बाहेर आल्या की तिथेच सोडून द्या. खरं तर रिकामा शंखही न आणलेला बरा. खेकडा वाढतो तसा त्याला मोठा शंख लागतो, आणि चांगला शंख सहज सापडत नाही. एखादा मोठा शंख मोकळा दिसला की काही जातींचे खेकडे आकारमानाप्रमाणे रांग लावतात. सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरतो, त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. आपल्या शोकेसमधल्या एका शंखापायी अशी अख्खी रांग अडकू शकते.

समुद्रातला आणि जमिनीवरचा एकच समजणं

ओहोटीच्या डबक्यात सापडलेला खेकडा समुद्राच्या पाण्यातच जगतो. बाटलीत पाणी भरून आणला तरी गाडीच्या उष्णतेत त्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि वर्धा-यवतमाळ येईपर्यंत तो मेलेला असतो. पिशवीतला वास बहुतेकदा याचाच. कोरड्या वाळूत, सुरूच्या किंवा केवड्याच्या झाडाखाली रात्री फिरणारा तो जमिनीवरचा. याला उलट पाण्यात बुडवून ठेवलं तर तो गुदमरून मरतो. पुढचं सगळं या दुसऱ्याबद्दल आहे.

कोरड्या हवेत उघडा ठेवणं

विदर्भात सर्वांत जास्त बळी याच चुकीने जातात. जमिनीवर राहत असला तरी हा श्वास कल्ल्यांनीच घेतो, आणि कल्ले ओले असतील तरच ते काम करतात. त्यासाठी हवेत ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि साधारण २४ ते २९ अंश तापमान लागतं. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारची हवा ठणठणीत कोरडी असते. जानेवारीत गोंदियाकडे रात्री १० अंशांच्या खाली जातात. दोन्ही टोकं याला मारक.

गुदमरणं हळूहळू होतं. खेकडा बरेच दिवस धडधाकट दिसतो, मग सुस्त होतो, शंखाबाहेर लोंबकळायला लागतो. तोवर उशीर झालेला असतो. कुलरच्या खोलीत ठेवला म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. ती हवा आपल्याला ओलसर लागते, याला पुरत नाही, आणि वीज गेली की तेवढंही संपतं. झाकण असलेली काचेची जुनी माशांची टाकी घ्या, हवेपुरती फट ठेवा. तळाशी नदीची रेती धुऊन, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून घाला. मुठीत दाबली तर आकार टिकेल इतकी ओली हवी. बांधकामाच्या ढिगातली सिमेंट लागलेली रेती नको. उन्हाळ्यात टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा आणि आतली आर्द्रता मोजायला छोटा मीटर लावा. अंदाजावर भरवसा ठेवू नका.

पाण्याचा घोळ

याला दोन वाट्या लागतात, एक गोड्या पाण्याची, एक समुद्राच्या खाऱ्या पाण्याची. दोन्हींत चढून बाहेर येता येईल असा दगड ठेवा. शंखाच्या आत तो थोडं पाणी साठवून फिरतो. नळाच्या पाण्यातलं ब्लिचिंग पावडरचं क्लोरीन कल्ल्यांना अपाय करतं, म्हणून ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरा. खारं पाणी म्हणून स्वयंपाकाचं मीठ कालवू नका. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही येतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं समुद्री मीठ घ्या. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना वाटतं, आपलं विहिरीचं पाणी आयतंच खारट आहे. चव खारट असली तरी त्यातल्या क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं. तेही नको.

मेला समजून उकरणं किंवा फेकणं

"सर, वाळूत घुसला, आता वरच येत नाही. मेला वाटते." बहुतेकदा तो मेलेला नसतो, कात टाकत असतो. टणक कवच वाढत नाही, त्यामुळे वाढायचं तर जुनं टाकून नवं घालावं लागतं. त्यासाठी तो ओल्या वाळूत खोल जातो. लहान खेकड्याला काही आठवडे, मोठ्याला दोन महिने किंवा जास्तही लागतात. नवं कवच कडक होईपर्यंत अंग लोण्यासारखं मऊ असतं आणि त्या अवस्थेत कुतूहलाने उकरलं की तो मरतो. म्हणूनच रेतीचा थर निदान १५ सेंटिमीटर हवा, मोठ्या खेकड्याला त्याहून जास्त.

बाहेर पडलेलं पोकळ कवच बघून घरचे कचऱ्यात टाकतात. ते तिथेच राहू द्या. त्यातलं कॅल्शियम परत मिळवायला खेकडा ते खातो. मेला की जिवंत हे वासावरून कळतं. मेलेल्याला सडक्या मासळीचा तीव्र वास येतो. वास नसेल तर हात लावू नका.

आणखी काही

आत काय आहे बघायला ओढू नका. तो पकड सोडण्याआधी फाटतो. काडी पेटवून शंख तापवण्याचा प्रकार तर कुणीही करू नये. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २००९ मध्ये समुद्री हर्मिट क्रॅबना शंखात सौम्य विजेचे झटके देऊन पाहिलं. झटका बसलेले नंतर नवा शंख दिसताच त्याकडे लवकर वळले. त्रास त्यांच्या लक्षात राहिला होता.

मच्छर अगरबत्ती, कॉइल, फवारे त्या खोलीत बंद. किडे मारणारी औषधं खेकड्यालाही मारतात. फवारणीच्या मळ्यातलं फळ धुतल्याशिवाय देऊ नका. केळं, पपई, साधं खोबरं, बिनमिठाचा सुका झिंगा, अंड्याचं टरफल हे चालतं. रंगवलेले शंख देऊ नका, रंग सुटतो आणि पोटात जातो.

जोडी आणली म्हणजे पिल्लं होतील ही आशाही सोडा. मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्लं आधी पाण्यात तरंगत वाढतात आणि मग शंख शोधून जमिनीवर येतात. बाजारातले जवळजवळ सगळे खेकडे किनाऱ्यावरून उचललेले असतात.

घरी असलेला खेकडा कुठल्या किनाऱ्यावरचा हे माहीत असेल आणि कुणी तिकडे जात असेल, तर त्याच किनाऱ्यावर परत पाठवा. उन्हाळ्याआधी पाठवलेला बरा. कात टाकत असेल तर थांबा. छिद्रांच्या डब्यात ओलं फडकं घाला, डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, आणि संध्याकाळी भरतीच्या रेषेच्या वर, झुडपांखाली सोडायला सांगा.