टिसिंग्टनच्या झऱ्यावरचं पाकळ्यांचं चित्र कसं करतात

इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये ॲशबोर्नजवळ टिसिंग्टन नावाचं लहानसं गाव आहे. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, असेन्शन डेच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या गुरुवारी, तिथल्या झऱ्यांवर पाकळ्यांची मोठाली चित्रं उभी राहतात. याला वेल ड्रेसिंग, म्हणजे झरा किंवा विहीर सजवणं, म्हणतात. कोणी याचं मूळ १३४९च्या प्लेगात सांगतं, कोणी १६१५च्या दुष्काळात. आभार मात्र पाण्याचेच. ही रीत आसपासच्या खेड्यांतही आहे. मी इकडेच राहते आणि पाकळ्या लावायला आवर्जून जाते. तुम्हालाही कोणी बोलावलं तर नक्की जा.

लाकडी चौकटीवर आधी जवळजवळ खिळे ठोकतात, म्हणजे माती घसरत नाही. मग ती चौकट काही दिवस तळ्यात बुडवून ठेवायची. ही पायरी गाळू नका. कोरडं लाकूड मातीतलं पाणी ओढून घेतं आणि चित्राला तडे जातात. चिकणमातीत पाणी आणि मीठ घालून ती पायांनी तुडवायची. मिठामुळे ओल टिकते. खडा लागला की काढून टाका. साधारण इंचभर थर थापून हाताने गुळगुळीत करा.

चित्राचा कागद मातीवर पसरून रेघांवरून टाचणीने टोचत जायचं. कागद उचलला की ठिपके दिसतात. त्यांवर आल्डरच्या झाडाची बारकी काळी बोंडं किंवा कॉफीच्या बिया एकेक करून बसवतात. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण घाई केली तर चेहऱ्याचं नाक वाकडं होतं आणि मग कितीही सुंदर रंग भरा, नजर तिथेच जाते.

पाकळ्या अगदी शेवटी, कारण त्या कोमेजतात. आधी शेवाळ, दगडफूल, पार्सलीची पानं असं टिकाऊ लावून घ्या. मग पाकळ्या, आणि त्या नेहमी खालून वर. वरच्या पाकळीची कड खालच्या पाकळीवर यायला हवी, घरावर कौलं घालतात तशी. मग पावसाचं पाणी वरून ओघळून जातं, आत शिरत नाही. इथे मे महिन्यातही पावसाचा नेम नाही. पाकळी बोटाच्या टोकाने हलकेच दाबायची; नख लागलं की तिथे डाग पडतो. मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती हायड्रेंजिया: पाकळी सपाट आणि रंगही टिकतो.

ओल्या मातीची चौकट भलतीच जड होते, उचलायला चार-सहा दणकट माणसं आधीच सांगून ठेवा.

नुसतं बघायला जाणार असाल तर गुरुवारी चर्चमधली प्रार्थना झाल्यावर मिरवणूक एकेका झऱ्यापाशी थांबते, तिच्याबरोबर फिरा. ॲशबोर्नहून टिसिंग्टन ट्रेलने, म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून, चालत किंवा सायकलने येता येतं. चित्रं आठवडाभर असतात, पण पहिल्या दोन-तीन दिवसांतच या. नंतर पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडायला लागतात.