ऊस, नंबरप्लेट आणि चहाचा कप: पिक्चरमधल्या चुका कशा पकडायच्या

आमच्या आजीनं थेटरात जाऊन आयुष्यात पाच-सहाच पिक्चर बघितले असतील, पण चूक पकडण्यात तिच्याइतकं तरबेज माणूस मी अजून बघितलेलं नाही. एकदा टीव्हीवर कुठलातरी गावाकडचा पिक्चर लागलेला, हिरो बांधावरनं चालत घरी येतो, मागं उसाला मस्त पांढरा तुरा आलेला, आणि घराच्या अंगणात शिरतो तर आंब्याला कैऱ्या लटकलेल्या. आजी लगेच म्हणाली, "अरं हा रानातनं घरी आला का चार महिनं वाटंतच हुता?" तुरा येतो दिवाळीच्या आसपास, कैरी धरते होळीच्या सुमाराला, म्हणजे रानातला सीन एका शेड्यूलमध्ये आणि घरातला दुसऱ्या शेड्यूलमध्ये शूट झालाय हे तिनं बसल्या जागी सांगितलं, शेड्यूल हा शब्दसुद्धा माहीत नसताना.

म्हणून कुणी मला विचारलं की चुका शोधायला सुरुवात कुठनं करू, तर मी सांगतो की कॅमेरा, लेन्स वगैरे नंतर, आधी तुम्हाला जे रोजच्या जगण्यातनं माहितीय तिथनं करा. तासगावचा माझा मित्र आहे, द्राक्षबागेत गाणं लागलं की तो हिरोईनीकडं बघतच नाही, वेलीकडं बघतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्यामुळं काडी आणि पान बघून तो शूटिंगचा महिना सांगतो. क्रिकेटवाल्याला लगान (२००१) मध्ये वेगळंच दिसतं, गोष्ट १८९३ सालची पण ओव्हर सहा बॉलची, आणि तेव्हा इंग्लंडात ओव्हर पाच बॉलची होती, सहाची झाली १९०० साली. नर्सला सलाईन कसं लावलंय ते दिसतं, एसटीच्या ड्रायव्हरला गिअर न बदलता घाट चढणारी गाडी दिसते. तुमचं काम काय, गाव कुठलं, त्यावर तुमची नजर ठरते आणि ती दुसऱ्याकडं नसते.

आता चुका होतात कशा हे कळलं की त्या कुठं शोधायच्या तेही कळतं. पिक्चर सहसा पहिल्या सीनपासून शेवटच्या सीनपर्यंत ओळीनं शूट होत नाही, लोकेशन आणि ॲक्टरच्या तारखा बघून होतो. जेवणाचा दोन मिनिटांचा सीन घ्या. आधी सगळे दिसतील असा वाइड, मग एकेकाचा क्लोज, मग परत दुसऱ्या बाजूनं, आणि प्रत्येकाचे चार-पाच टेक, म्हणजे तेच परत-परत करून घेणं, असा अख्खा दिवस त्यात जातो. तोपर्यंत भाकरी किती वेळा मोडली, पाण्याचा तांब्या उजवीकडं होता का डावीकडं, पदर कुठल्या खांद्यावर, हे सगळं एक माणूस फोटो काढून आणि वहीत लिहून सांभाळत असतो, या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. आणि एवढं करूनही एडिटिंगला बसल्यावर ज्या टेकमध्ये ॲक्टिंग जीव तोडून झालीय तोच घेतला जातो, भले त्यात ग्लास अर्धा असो का भरलेला. हे मला मनापासून पटतं, मी एडिटर असतो तर मीपण तेच केलं असतं.

म्हणजे बघायचं कुठं, तर शॉट चालू असताना नाही, कट पडतो तिथं, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथं. कटच्या आधी काय होतं आणि कटनंतर काय आहे. आणि सगळ्यावर नजर फिरवत बसू नका, आपोआप बदलणाऱ्या वस्तू धरा. कपातला चहा, मेणबत्तीची उंची, सिगरेटची राख, बर्फ, ताटातला भात, भिंतीवरचं घड्याळ, जमिनीवरची सावली. उन्हाळ्यात दुपारी बाराच्या उन्हात सावली पायाशी असते, आणि समोरचा माणूस बोलतो तेव्हा त्याचीच सावली माणसाएवढी लांब झालेली दिसली तर मधे तीन-चार तास गेलेत. घाम आणि ओले केसपण बघा, पावसातनं आलेला माणूस पुढच्या शॉटला कोरडा आणि त्याच्या पुढच्याला परत ओला, हे फार वेळा दिसतं.

पिक्चर पहिल्यांदा मात्र सरळ बघा, शोधायचं काही नाही, रडायला आलं तर रडा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. आवाज गेला की गोष्ट तुम्हाला ओढत नाही आणि डोळे मोकळे होतात. दोघं असाल तर वाटून घ्या, एकानं पडद्याची डावी बाजू, दुसऱ्यानं उजवी. यूट्यूबवर थांबवून कीबोर्डवरची स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली की एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, मागंपुढं जाते, व्हीएलसी प्लेअरमध्ये ई दाबलं की एक फ्रेम पुढं. एका सेकंदात २४ फ्रेम असतात, त्यामुळं जे डोळ्याला नुसतं काहीतरी हललं असं वाटतं ते इथं स्वच्छ सापडतं. काचा, गॉगल, गाडीचा दरवाजा, पितळी भांडी जरूर बघा, कॅमेरा आणि क्रू बहुतेक वेळा तिथंच सापडतात.

मागची माणसं हा तर खजिना आहे. हिचकॉकच्या नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट (१९५९) मध्ये कॅफेटेरियात गोळी झाडायच्या सीनला मागं बसलेलं एक पोरगं गोळी सुटायच्या आधीच कानात बोटं घालतं. आधीच्या टेकमध्ये किंवा रिहर्सलला आवाज ऐकलेला असणार बिचाऱ्यानं! हे एकदा बघितलं की ज्युनियर आर्टिस्टकडं बघायची सवय लागते. आमच्या वाईत तर घरटी कुणीतरी गर्दीत उभं राहिलेलं आहे, त्यामुळं इथं मागची माणसं बघणं म्हणजे नात्यातली माणसं शोधणंच असतं.

वाईचं निघालंच आहे तर लोकेशनचं सांगतो. गंगाजल (२००३) मधलं बिहार, स्वदेस (२००४) मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर, दबंग (२०१०) मधलं लालगंज, यांचं बरंच शूटिंग आपल्या वाई-मेणवली-सातारा पट्ट्यात झालेलं. ही चूक नाही हे आधी लक्षात घ्या, एका जागेनं दुसऱ्या जागेचं काम करणं हा सिनेमाचा धंदाच आहे आणि आपला कृष्णेचा घाट ते काम फार देखणं करतो. चूक तेव्हा, जेव्हा परराज्यातल्या बाजारात मागनं एमएच ११ ची गाडी जाते, किंवा दुकानाच्या पाटीवर मराठी 'ळ' राहून जातो. एमएच ११ सातारा, एमएच १० सांगली, एमएच ०९ कोल्हापूर एवढं पाठ असलं तरी पुष्कळ सापडतं. जागा ओळखायच्या असतील तर खुणा पक्क्या करा. मेणवलीच्या घाटावर दगडी घुमटीत टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा आहे, १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली. वाईच्या ढोल्या गणपतीची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे, पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाटावं म्हणून.

जुन्या काळातल्या गोष्टींसाठी मी वहीच्या मागच्या पानावर काही सालं लिहून ठेवलीत आणि त्याचा फार उपयोग होतो. नवे पैसे एप्रिल १९५७, पिनकोड १५ ऑगस्ट १९७२, मारुती ८०० डिसेंबर १९८३, देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५, रुपयाचं नवं चिन्ह २०१०. १९७० च्या सीनमधल्या पत्रावर पिनकोड दिसला की काम झालं. गाण्यांची सालंपण बघा, भाग मिल्खा भाग मध्ये पन्नाशीच्या दशकातला मिल्खा 'नन्हा मुन्ना राही हूँ' म्हणतो आणि ते गाणं आलं १९६२ साली. शिवकालीन पिक्चर असेल तर मी तलवारींच्या आधी झाडं बघतो. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडं आला एकोणिसाव्या शतकात, म्हणजे साताऱ्यात आपण १ मे ला ज्याचा दिवस साजरा करतो ते झाड महाराजांनी बघितलेलंच नाही. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. आणि आपल्या डोंगरात शूटिंग असेल तर क्षितिजावर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या कुठं राहिल्यात का ते जरूर बघा.

पण एक काळजीनं सांगतो, चूक म्हणायच्या आधी थांबा. कामं करणाऱ्यांनी रात्र-रात्र जागून केलेलं असतं, उगाच बोट दाखवणं मला आवडत नाही. गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ती चूक नाही, २४ फ्रेम आणि चाकाच्या वेगाचं गणित आहे ते. पाऊस नसताना रात्रीचा रस्ता ओला असतो तो मुद्दाम ओला केलेला असतो, दिव्यांचा उजेड त्यात चमकावा म्हणून. जुन्या पिक्चरमध्ये टीव्हीवर वरनं माइक डोकावला तर कितीतरी वेळा दोष शूटिंगवाल्यांचा नसतो. थेटरात फ्रेमचा वरचा आणि खालचा भाग झाकून दाखवायचा म्हणून शूट केलेलं असतं आणि टीव्हीसाठी तोच भाग उघडा केला की माइक दिसायला लागतो.

पडद्यामागच्या किश्श्यांचं तर याहून अवघड, कारण किस्सा जितका झणझणीत तितका फॉरवर्ड जास्त. द विझार्ड ऑफ ऑझ (१९३९) मध्ये मागं झाडाला एक माणूस फास लावून लटकलेला दिसतो असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं, चांगली प्रिंट बघितली तर तो पंख पसरलेला मोठा पक्षी आहे. म्हणून माझा नियम असा, की ज्यानं ते काम केलं त्याच्या तोंडून ऐकलेलं, नाहीतर पडद्यावर स्वतः बघता येईल असं, तेच धरायचं. शोलेचा (१९७५) मूळ शेवट वेगळा होता, ठाकूर गब्बरला मारून टाकतो आणि सेन्सॉरमुळं तो बदलून पोलीस येऊन थांबवतात असं केलं, हे मी सांगतो कारण दोन्ही शेवट बघायला मिळतात. राजा हरिश्चंद्र (१९१३) मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके हा पुरुष नट, आणि लंकादहन (१९१७) मध्ये तर राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले असं नोंदींत आहे, पण हे पिक्चर आज पूर्ण बघायला मिळत नाहीत. शेवटची नावंपण पूर्ण वाचत जा. आभारात कुठल्या ग्रामपंचायतीचं, कुठल्या कारखान्याचं नाव आलंय त्यावरनं शूटिंग कुठं झालं ते निम्मं कळतं.

सापडलेलं लिहून ठेवा, आणि लिहिताना मिनिट-सेकंद, कटच्या आधी काय, नंतर काय, आणि कुठल्या कॉपीत बघितलं ते लिहा. कॉपीचं महत्त्वाचं आहे कारण हल्ली चुका मागनं पुसतात. गेम ऑफ थ्रोन्सच्या २०१९ च्या एका भागात टेबलावर कॉफीचा कागदी कप राहिला, जगभर बोभाटा झाला आणि दोन दिवसांत कॉम्प्युटरवर तो काढूनही टाकला. आता बघाल तर तिथं काही नाही.

आणि वाईच्या आसपास असाल तर एक करून बघाच. स्वदेसमधली घाटाची एखादी फ्रेम थांबवून मोबाईलवर फोटो घ्या, सकाळी मेणवलीला जा, घंटेची घुमटी आणि मेणेश्वराचं देऊळ फोटोत जिथं आहेत तिथं येईपर्यंत पायऱ्यांवरनं खालीवर सरकत राहा. दोन्ही जुळले की तुम्ही बरोबर कॅमेरा लावला होता तिथं उभे असता, मग मागं वळा आणि बघा की त्या दिवशी फ्रेमच्या बाहेर काय-काय होतं.