जुन्या छापील गद्यातलं अवतरण ऑनलाइन शब्दकोशात कसं द्यावं

विक्शनरीसारख्या ऑनलाइन शब्दकोशात मराठी शब्दाखाली जुन्या पुस्तकातलं वाक्य द्यायचं, तर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: साचा (अवतरण भरायचा तयार तक्ता) उघडा, लेखक-पुस्तक-साल भरा, वाक्य चिकटवा, जतन करा. साचा कोणीही भरेल. डोकं लागतं ते 'साल' या एका रकान्यात, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून बाकीच्या पायऱ्या मी भराभर उरकणार आहे.

वाक्य निवडा

शब्द झाकला तरी त्याचा अर्थ अंदाजाने सांगता येईल, असं वाक्य घ्या. नुसता शब्द आहे, अर्थाचा पत्ता नाही, अशी ओळ नोंदीत गर्दी करते.

कोशातलं अवतरण कोशातून उचलू नका. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात 'ज्ञा' (ज्ञानेश्वरी), 'एभा' (एकनाथी भागवत), 'दा' (दासबोध) असे संक्षेप लावून ओळी दिल्या आहेत. त्यांचा वाटाड्यासारखा उपयोग करा, पण मूळ पान उघडून तिथूनच उतरवून घ्या. आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शब्द सापडला, तर तो १८३१ किंवा १८५७ च्या आवृत्तीत नोंदला गेला एवढंच सिद्ध होतं. कोणी तो लिहिताना वापरला, याचा तो पुरावा नव्हे.

पान मिळवा

इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन शोधा, विकिस्रोतावर टंकलेला मजकूर शोधा. विकिस्रोतावर पिवळं पान म्हणजे एकदा तपासलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्याने पुन्हा तपासलेलं. हिरवं असलं तरी शेजारचं स्कॅन बघितल्याशिवाय एक अक्षर घेऊ नका.

साल ठरवा

इथे घाई केलीत, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. माझा सगळ्यात जास्त वेळ आजही इथेच जातो.

मजकूर पहिल्यांदा छापला गेला ते एक साल आणि तुमच्या समोरची प्रत छापली गेली ते दुसरं. कोशाचा वाचक अवतरणापुढचं साल बघून म्हणतो, 'म्हणजे हा शब्द, या रूपात, तेव्हा वापरात होता.' ते वाक्य खरं ठरायचं असेल, तर दोन्ही सालं माहीत हवीत.

लोकहितवादींची शतपत्रं घ्या. ती 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात आली. आज बहुतेकांच्या हाती असते ती पुढे केव्हातरी निघालेली संकलित आवृत्ती. तिच्यातलं वाक्य उचलून पुढे बेधडक '१८४८' लावणारे लोक आहेत. संपादकाने शुद्धलेखन आधुनिक केलेलं असतं, विरामचिन्हं भरलेली असतात, परिच्छेद पाडलेले असतात. ते वाक्य १८४८ चं खरं, पण त्याचा पोशाख विसाव्या शतकातला.

प्रत नवी की जुनी हे ओळखायला माझी पहिली कसोटी अनुच्चारित अनुस्वाराची. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या पुस्तकाचं पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण'. यात 'विधवांच्या'वरचा अनुस्वार आपण उच्चारतो. 'हिंदुस्थानांतील' आणि 'स्थितीचें' यांवरचे उच्चारत नाही, ते व्याकरणाचे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असले अनुस्वार काढून टाकले. तेव्हा मुखपृष्ठावर एकोणिसाव्या शतकातलं साल आणि आत सगळीकडे 'स्थितीचे', 'घरात', 'नाही', 'का' असेल, तर ते पुनर्मुद्रण आहे किंवा कोणीतरी नव्याने टंकलं आहे. उलट मात्र खरं नाही. अनुस्वार आहेत म्हणून प्रत जुनी ठरत नाही, कारण १९५० ची पुस्तकंही ते वागवतात. अगदी सुरुवातीच्या, दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणाआधीच्या छपाईत तर अनुस्वार मनाला येईल तसे पडतात, तिथे या कसोटीवर फार विसंबू नका.

दुसरी खूण 'ह्म'. एकोणिसाव्या शतकातल्या छपाईत 'ह्मणून', 'तुह्मी', 'आह्मी' सर्रास दिसतं. सगळीकडे स्वच्छ 'म्हणून' दिसलं की मी सावध होतो.

आता शके. जुन्या शीर्षकपानावर अनेकदा इसवी सन नसतोच, शके असतो. '७८ मिळवा' हा सल्ला अर्धवट आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. महिना छापलेला नसेल, तर 'शके १७७९ (१८५७–५८)' असंच लिहा, मनाने एक साल निवडू नका. शिळाछापाच्या (दगडावरून छापलेल्या) पुस्तकात आकडा पुसट असतो, १ की ९, ३ की ६ कळत नाही. अशा वेळी संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव दिलं असेल तर नशीब. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). १७७९ मध्ये १२ मिळवले की १७९१, बाकी ५१, म्हणजे पिंगल. तोच आकडा १७७१ असेल तर बाकी ४३, म्हणजे सौम्य. पानावर 'पिंगलनाम संवत्सरे' दिसलं की वाद मिटला.

संकेतस्थळाच्या नोंदीतल्या सालावर विश्वास ठेवायचाच नाही, हे माझं ठाम मत आहे. तिथे पुनर्मुद्रणाचं साल असू शकतं, किंवा शकालाच इसवी सन समजून टाकलेलं. मराठी पुस्तकापुढे 'इ. स. १७७९' दिसलं, तर हसा आणि पुढे जा. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापायला श्रीरामपुरात सुरुवात झाली ती १८०५ च्या सुमारास. शीर्षकपान स्वतः उघडा. ते फाटलेलं असेल तर प्रस्तावनेखालची तारीख बघा. तीही नसेल तर ते पुस्तक सोडा, दुसऱ्यात वाक्य शोधा.

आणि हातात फक्त नंतरचीच आवृत्ती असेल तर? तर दोन्ही सालं द्या: आधी मूळ प्रकाशनाचं, मग 'पाठ अमुक सालच्या आवृत्तीतला' असं स्पष्ट. असं अवतरण शब्दाच्या अर्थासाठी चालेल. जुन्या लेखनाच्या किंवा रूपाच्या पुराव्यासाठी अजिबात नाही. लीळाचरित्रासारखा तेराव्या शतकातला पण छापून आलेला विसाव्या शतकात, असा ग्रंथ असेल, तर त्याला 'जुनं छापील गद्य' म्हणू नका. तो हस्तलिखितांचा विषय, त्याचे नियम वेगळे.

नियतकालिक असेल तर नुसतं साल पुरत नाही, अंकाची तारीख द्या. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, तर तसंच लिहा. त्यात मराठी आणि इंग्रजी स्तंभ शेजारी असतात, तेव्हा कोणत्या स्तंभातून घेतलं हेही सांगा.

अक्षर न अक्षर उतरवा

सुधारणा करू नका. 'स्थितीचें'मधला तो टिंब फालतू वाटतो, पण निरूपण हे नपुंसकलिंगी आहे याचा पुरावा तोच देतो. टिंब काढला की 'चे' पुल्लिंगी अनेकवचनही असू शकतं. लिंग दाखवण्यासाठी दिलेल्या अवतरणात हा टिंब गेला, तर अवतरण गेलंच. उघड मुद्रणदोष असेल तर तसाच ठेवून पुढे चौकटी कंसात दुरुस्ती द्या.

यंत्राने ओळखलेल्या मजकुरात 'ख'चा 'रव' झालेला असतो, हे एक तपासा. दुसरं म्हणजे 'दुसऱ्या'तला र. तो काही ठिकाणी 'ऱ'पासून केलेला असतो, काही ठिकाणी 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना सारखाच दिसतो, शोधात मात्र सापडत नाही. आपल्या कोशात जो प्रघात आहे तो पाळा. हा बदल संगणकातला आहे, लेखनातला नव्हे, त्यामुळे इथे सुधारणेची बंदी लागू नाही.

ओळीच्या शेवटी शब्द तुटला असेल, आणि जुन्या छपाईत तो जोडरेषेशिवायच तुटतो, तर जोडून घ्या. दोन शब्द चिकटून छापले असतील तर चिकटलेलेच ठेवा. पूर्णविराम नसेल तर घालू नका. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावायच्या आधीची वाक्यं अर्धं अर्धं पान चालतात. कापायचंच असेल तर कर्ता आणि क्रियापद राखून मधला भाग […] ने गाळा.

श्रीरामपूरच्या १८१४ च्या 'सिंहासनबत्तिशी'सारखं मोडी खिळ्यांचं पुस्तक असेल, तर बाळबोधीत (देवनागरीत) उतरवा आणि 'मोडीवरून' असं लिहा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, तेव्हा अशा अवतरणावरून वेलांटी पहिली की दुसरी हे कोणी ठरवू नये, म्हणून ही सूचना.

साचा भरा

लेखक, पुस्तकाचं नाव छापल्यासारखं (म्हणजे 'स्थितीचें', 'स्थितीचे' नव्हे), आवृत्ती, छापखाना, गाव, पान. पान म्हणजे पुस्तकावर छापलेला आकडा. स्कॅनच्या पट्टीवर दिसणारा आकडा प्रस्तावना आणि कोरी पानं धरून पुढे गेलेला असतो. छापील आकडाच नसेल तर 'स्कॅनचं पान' असं सांगून तो द्या. स्कॅनचा दुवा त्याच पानावर उघडेल असा द्या, मुखपृष्ठावर नेणारा नको. शब्द ठळक करा, जतन करा, आणि दुवा एकदा लॉग-आउट करून उघडून बघा.